करवतीच्या मेजाची पाखी

सुताराच्या हातातील करवत आणि विजेवर फिरणारी गोल करवत या दोहोंना आपण एकाच नावाने ओळखतो. नाव एक असले तरी दोघींची काम करण्याची रीत मात्र अगदी उलट आहे. हातकरवतीच्या कामात लाकूड स्थिर असते आणि हत्यार चालते. सुतार फळीवर गुडघा रोवतो, तिला हलू देत नाही आणि मग करवतीची ओढ सुरू करतो. मोठा ओंडका चिरावयाचा असला म्हणजे एक माणूस वर व एक खाली उभा राही आणि दोघे मिळून लांब करवत ओढीत. पण तेव्हाही ओंडका आपल्या जागी निश्चल असे. गोल करवतीने हा क्रम पालटला. १७७७ साली साउदॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलर यांनी इंग्लंडात घेतलेल्या पेटंटात अशा करवतीचा उल्लेख सापडतो. तेव्हापासून आजपर्यंत तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या. परंतु मेजावर बसविलेल्या गोल करवतीचे मूळ तत्त्व तेच राहिले. पाते एका जागी फिरत राहते आणि चालावे लागते ते लाकडाला.

लाकूड चालू लागले की त्याला चालण्यासाठी वाट हवी, ही गोष्ट उघड आहे. तरीही आपल्याकडील अनेक लहान सुतारशाळांत नेमका हाच विचार मागे पडतो. पात्याची चौकशी होते, मोटरीच्या अश्वशक्तीची चौकशी होते. पण ज्यावरून लाकूड सरकावयाचे त्या मेजाच्या लांबीरुंदीकडे कोणी फारसे पाहत नाही. मेज अपुरे पडते, फळी अधांतरी राहते, आणि ती सावरण्यासाठी माणसाचा हात पात्याच्या दिशेने जातो. हे टाळण्यासाठी मूळ मेजाला बाजूंनी व मागून जे जोडभाग लावावयाचे, त्यांना इंग्रजी कारागीर पंख म्हणतात. आपल्या भाषेत त्यांना पाखी म्हणणे अधिक शोभेल. आढ्यापासून दोन्ही अंगांना उतरणाऱ्या छपराच्या भागाला आपण पाखे म्हणतोच. फरक एवढाच, की घराच्या पाख्याला उतार हवा आणि करवतीच्या पाख्याला तो मुळीच नको.

पाख्यांची गरज नीट समजण्यासाठी पात्याची चाल प्रथम पाहू. आपल्याकडील विजेवर चालणारी साधी मोटर मिनिटाला तीन हजारांना थोडे कमी इतके फेरे घेते. अशा मोटरीच्या कण्यावर थेट दहा इंची पाते बसविले, तर त्याचे दाते सेकंदाला सुमारे ३८ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १४० किलोमीटर वेगाने धावतात. समोरच्या बाजूचे दाते वरून खाली येतात आणि लाकडाला मेजावर दाबून धरतात. ते आपले मित्र होत. मागच्या बाजूचे दाते मात्र मेजाखालून वर उसळतात आणि माथ्यावरून कारागिराच्या रोखाने परत येतात. काप सरळ चालला असेल तोवर मागच्या दात्यांना लाकडाचा स्पर्श होत नाही. पण फळी कलली, पिळली, किंवा कापाची फट पुढे मिटली, की हे दाते लाकूड उचलतात आणि ज्या वेगाने ते स्वतः धावत असतात त्या वेगाने ते माणसाच्या अंगावर फेकतात. कारखान्यांतील पुष्कळ दुखापतींचे मूळ या एका क्षणात असते. आणि फळी कलण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे तिच्याखाली आधार नसणे.

मग आधार किती असावा? याला एक सोपा नियम आहे. पदार्थाचा गुरुत्वमध्य जोवर आधारावर आहे तोवर तो पदार्थ कलंडत नाही, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. करवतीच्या मेजालाही तेच लागू पडते: कापून होणाऱ्या प्रत्येक तुकड्याचा मध्य, काप सुरू झाल्यापासून संपेपर्यंत, मेजावर किंवा पाख्यावर असला पाहिजे.

हा नियम आकड्यांत मांडून पाहू. दहा इंची पात्याच्या सर्वपरिचित यंत्रात बीडाचे मूळ मेज २० इंच रुंद व २७ इंच खोल असते आणि पाते साधारण मध्यावर असते. म्हणजे पात्याच्या प्रत्येक बाजूस १० इंच जागा. आता ८ फूट लांब व ४ फूट रुंद असा प्लायवुडचा तक्ता उभा चिरून त्याचे दोन समान भाग करावयाचे आहेत असे समजा. प्रत्येक भाग २४ इंच रुंद होईल आणि त्याचा मध्य पात्यापासून १२ इंचांवर पडेल. मेज मात्र १० इंचांवरच संपते. काप पुरा होताक्षणी मोकळा झालेला भाग बाहेर कलंडणार, हे गणितानेच ठरले! डाव्या बाजूस १० इंचांचे एक पाखे जोडले की आधार २० इंचांपर्यंत जातो आणि तो भाग स्वस्थ पडून राहतो. उजव्या बाजूची गोष्ट थोडी वेगळी आहे. ज्या सरळ पट्टीला टेकवून लाकूड पुढे ढकलावयाचे, ती मार्गपट्टी तेथे २४ इंचांवर बसवावी लागते. म्हणून त्या बाजूचा आधार, मेज व पाखे मिळून, पात्यापासून तेवढे अंतर अधिक मार्गपट्टीची रुंदी इतका असावा लागतो.

मागील बाजूची गरज याहूनही मोठी आहे, आणि दुर्लक्ष होते ते बहुधा तिच्याकडेच. पात्याच्या मध्यापासून मेजाची मागील कड ३० सेंटिमीटरांवर आहे असे धरू. आठ फुटी, म्हणजे २४४ सेंटिमीटर लांबीच्या फळीचा मध्य १२२ सेंटिमीटरांवर असतो. हा मध्य मेजाची कड ओलांडू लागतो तेव्हा अजून ९२ सेंटिमीटर, म्हणजे तीन फूट लाकूड कापावयाचे शिल्लक असते. त्या क्षणापासून फळीचे पुढचे टोक खाली जाऊ लागते आणि अलीकडचे टोक, अगदी हाताखालचे, वर उचलले जाते. कारागीर ते दाबून धरतो. एका हाताने दाबणे आणि दुसऱ्या हाताने पुढे ढकलणे अशा दोन विरुद्ध कामांत त्याचे शरीर पात्यावर ओणवे होते. अठरा मिलिमीटर जाडीचा पुरा तक्ता ३० ते ४० किलो वजनाचा भरतो, हे लक्षात घेतले म्हणजे या ओणवे होण्यातला धोका कळतो. मागे चार फुटांचे एक पाखे असते तर फळी आपल्या चालीने पुढे गेली असती आणि काप संपल्यावर तेथेच विसावली असती. एका सोबत्याला पलीकडे उभे करून फळी झेलावयास सांगणे हा त्यावरील उपाय नव्हे; झेलणारा अजाणता ओढतो किंवा उचलतो, आणि फळी पुन्हा पात्याशी भांडू लागते.

येथवर लांबीरुंदीचा विचार झाला. आता पातळीचा, आणि खरी कसोटी येथेच आहे. पाखे मूळ मेजाच्या पातळीत असावे हे कोणीही सांगेल. पण चूक राहणारच असेल तर ती कोणत्या बाजूला राहावी, हे जाणणे महत्त्वाचे आहे. बाजूच्या पाख्याचा सांधा लाकडाच्या चालीला समांतर असतो, तर मागच्या पाख्याचा सांधा चालीला आडवा. मागचे पाखे केसभरही उंच असले तर पुढे सरकणारी फळी त्या कडेवर अडखळते, आणि तीही ऐन कापात, जेथे थांबणे सर्वांत घातक. म्हणून मागचे पाखे मुद्दाम थोडे खाली ठेवावे. सुतारांच्या मापात बोलावयाचे तर अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग. आणि त्याची अलीकडची कड रंध्याने तिरपी मारावी. फळी किंचित लवली तरी ती पाख्यावर चढेल, त्याला धडकणार नाही. बाजूचे पाखे मात्र सांध्यापाशी मेजाशी अगदी मिळते असावे, कारण मार्गपट्टी त्याच्यावरून इकडेतिकडे सरकते. त्याची बाहेरची कड उंच असण्यापेक्षा कागदाच्या जाडीइतकी खाली असलेली बरी. थोडक्यात, उंच पाखे हा अडथळा, किंचित खाली असलेले पाखे हा आधार, आणि फार खाली गेलेले पाखे म्हणजे पाखेच नव्हे.

पातळी पाहण्यासाठी गवंड्याची पाणसळ वापरण्याचा मोह होतो. पण मेज पृथ्वीशी समपातळीत आहे की नाही, याचे लाकडाला काहीच सोयरसुतक नसते. पाखे मेजाशी समपातळीत आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. त्यासाठी हवी एक खात्रीची सरळ पट्टी. खिडक्या करणाऱ्यांकडे मिळणारी ॲल्युमिनियमची चौकोनी पोकळ पट्टी या कामी चांगली. ती सरळ आहे का हे तपासण्याची जुनी युक्ती अशी: सपाट फळ्यावर तिच्या कडेने टोकदार पेन्सिलीची एक रेघ ओढावी; मग पट्टी कूस पालटावी तशी उलटवून, तीच कड त्याच दोन टोकांशी जुळवून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकरूप झाल्या तर पट्टी सरळ. मध्ये फट दिसली तर त्या फटीच्या निम्म्याइतका तिच्यात बाक आहे. कोणतेही महाग उपकरण न घेता सत्य हाती येते.

पाखे कशाचे करावे? यंत्राबरोबर येणारी बीडाची पाखी उत्तम. ती जड असतात आणि हवामानाने फुगत नाहीत. ती मिळत नसतील तर लाकडाकडे वळावे लागते, आणि तेथे आपल्या देशाचे हवामान पुढे उभे राहते. लाकडातील ओलाव्याच्या मर्यादा ठरविताना भारतीय मानकांनी हवेतील आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग केले आहेत. नागपूरच्या वैशाखात सुकलेली फळी आणि रत्नागिरीच्या श्रावणात ठेवलेली फळी, ही एकाच झाडाची असली तरी एकाच मापाची राहत नाही. साग हा या बाबतीत मोठा शहाणा वृक्ष. पण पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडा होईपर्यंत तोही वर्षवलयांच्या अंगाने सुमारे सहा टक्के, आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेने सुमारे अडीच टक्के आकसतो. लांबीत मात्र जवळजवळ नाहीच. लाकडातील ओलावा आठ टक्क्यांवरून सोळा टक्क्यांवर गेला, तर एक फूट रुंदीची आडव्या वलयांची सागाची फळी चार-साडेचार मिलिमीटर फुगते. नुसते रुंद होणे एक वेळ चालेल. परंतु फळीच्या दोन अंगांचे फुगणे सारखे नसते, त्यामुळे ती पन्हळीसारखी वाकते, आणि वाकलेले पाखे म्हणजे उंच पाखे. म्हणून एकसंध रुंद फळी येथे टाळावी. प्लायवुडात एकाआड एक थरांचे तंतू आडवे-उभे असल्यामुळे थर एकमेकांना आवरून धरतात. या कामी ते अधिक विश्वासू.

अठरा मिलिमीटर प्लायवुडचे दोन तुकडे सरसाने एकावर एक चिकटवून ३६ मिलिमीटर जाडीचे पाखे करावे. सरस सर्व पृष्ठभागावर लागला पाहिजे, याला कारण आहे. दोन थर नुसते एकमेकांवर ठेवले तर ताठपणा दुप्पट होतो; ते पूर्ण चिकटून एकजीव झाले तर तो आठपट होतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. हाच घनाचा नियम उलट बाजूनेही खरा आहे: पाखे दुप्पट लांब केले की टोकावरील त्याच वजनाने येणारा झोल आठपट होतो. वरच्या अंगाला ज्याला आपल्याकडे सर्रास सनमायका म्हणतात तो गुळगुळीत पत्रा लावावा, म्हणजे लाकूड सहज सरकते. पण तसाच पत्रा खालच्या अंगालाही लावावयास विसरू नये. एका अंगाची छिद्रे बुजविली आणि दुसरे उघडे ठेवले, तर पावसाळ्यात उघडे अंग फुगते आणि पाखे वर वाकते. न दिसणाऱ्या बाजूवरील तो खर्च वाया जात नाही.

चार फुटांचे मागचे पाखे इतके जाड केले तर ते फार जड होईल. तेथे पेटीची रचना करावी: दोन-अडीच इंच उंचीच्या पट्ट्यांची चौकटजाळी आणि तिच्या दोन्ही अंगांना पातळ प्लायवुड. आतून पोकळ असूनही ही पेटी विलक्षण ताठ असते. मात्र सरस वाळेपर्यंत ती ज्या पृष्ठभागावर ठेवली असेल त्याचा पीळ ती कायमचा उचलते. म्हणून ती आधी तपासलेल्या सपाट जागेवरच जुळवावी. त्याच पाख्यात एक सोय ठेवावी लागते. आडवा काप घेताना वापरावयाच्या गुण्याची पट्टी मेजावरील खाचेतून सरकत मागील कडेबाहेर येते. तिच्यासाठी पाख्यात त्याच रेषेत, जरा अधिक रुंद खाच हवी. नाही तर काप संपण्यापूर्वीच गुण्या अडतो.

आता जोडणी. यंत्राची वीज प्रथम तोडावी. नुसते बटण बंद करून भागत नाही. मेजाच्या कडेला दीड इंची लोखंडी अँगल बोल्टने बसवावा आणि त्याची भोके उभी लांबट ठेवावी, म्हणजे वरखाली करण्यास वाव राहतो. बीडात भोके पाडताना तेल लागत नाही, पण हातोडीचा घाव मात्र टाळावा, कारण बीड ठिसूळ असते. यानंतर बहुतेक जण पाखे खालून उचलून अंदाजाने बोल्ट आवळतात. याहून चांगली रीत अशी: दोन सरळ पट्ट्या मेजावर आडव्या ठेवून शिकंजांनी घट्ट धराव्या, त्यांची टोके बाहेर काढावी, आणि पाखे खालच्या बाजूने त्या टोकांना शिकंजांनी टांगावे. पाख्याचा माथा पट्ट्यांना टेकला की तो आपोआप मेजाच्या पातळीत येतो. मग सावकाश बोल्ट आवळावे. जेथे फट राहील तेथे पातळ पत्र्याची पाचर द्यावी. शेवटी मार्गपट्टी लावून ती पात्याशी समांतर आहे का हे पाहावे. पात्याच्या एकाच दात्यावर खूण करून, तो दाता पुढे असताना व हाताने फिरवून मागे आणल्यावर, अशी दोन वेळा मार्गपट्टीपर्यंतची अंतरे मोजावी. ती सारखी भरली पाहिजेत.

राहिला प्रश्न पायाचा. मेज ६० किलोचे आहे आणि त्याचा मध्य पायापासून २५ सेंटिमीटर आत आहे असे समजा. पायाच्या बाहेर ५० सेंटिमीटरांवर ३० किलो वजन पडले की तराजू समतोल होतो, आणि त्यापुढे मेज उलटू लागते. एक पुरा तक्ता किंवा पाख्यावर टेकलेला एक माणूस त्याला पुरेसा आहे. म्हणून फूटभराहून लांब पाख्याला बाहेरच्या टोकाशी स्वतःचा पाय द्यावा आणि पायाच्या तळाशी फिरवून उंची साधता येईल असा बोल्ट बसवावा. सुतारशाळेची जमीन क्वचितच सपाट असते. पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस सरळ पट्टी ठेवून तो बोल्ट पुन्हा जुळविणे हे पाख्याच्या देखभालीतले एकच पण अटळ काम.

आपल्याकडे सर्वत्र आढळणारा एक प्रकार येथे सांगितला पाहिजे. हातात धरावयाची विजेची करवत प्लायवुडच्या फळ्याखाली उलटी बसवावयाची, तिचे बटण दोरीने दाबून बांधावयाचे आणि त्यालाच मेज म्हणावयाचे. तिला आच्छादन नसते, पात्यामागे कापाची फट उघडी ठेवणारे दुभाजक पातेही नसते. अशा मेजाला मोठी पाखी जोडणे म्हणजे घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे! पाख्यामुळे मोठे लाकूड कापण्याचे धाडस वाढते, आणि संरक्षण मात्र होते तेथेच राहते. आधी हाताशी येणारे स्वतंत्र बटण, पात्यावरचे आच्छादन, दुभाजक पाते आणि लाकूड ढकलण्यासाठी एक काठी. त्यानंतर पाखी, हाच क्रम योग्य.

यंत्राचे धोकादायक फिरते भाग आच्छादित असावेत, हा दंडक १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने घातला होता. परंतु तो कायदा सामान्यतः विजेवर चालणाऱ्या व दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होता. २०२० च्या संहितेत कारखान्याच्या व्याख्येतील हा आकडा वीस झाला. दोन-तीन माणसांच्या सुतारशाळेच्या दाराशी निरीक्षक बहुधा पोहोचत नाही. इंदूर असो, बडोदे असो, बेळगाव असो की दिल्लीतील एखादी गल्ली, आपली दारे, कपाटे आणि पाळणे घडतात ते अशाच शाळांत. तेथे कायद्याचे काम विचारालाच करावे लागते. आपण काम करवून घेणारे असलो तरी त्या विचारात आपला वाटा आहे. स्वयंपाकघराच्या कपाटाची तारीख घाईने मागताना, ते चिरणाऱ्या माणसाच्या मागे चार फुटांचे एक साधे पाखे आहे का, एवढे विचारावयास काय हरकत आहे?

दोन तक्ते, थोडा सरस, एक लोखंडी अँगल, काही बोल्ट आणि एका दिवसाची मेहनत, इतकीच या कामाची सामग्री. चांगले पाखे जोडल्यावर मेजावर काही नवे घडताना दिसत नाही. फळी सांध्यावरून जाते आणि सांधा आला हे तिला कळतही नाही. काप संपतो, दोन्ही तुकडे आपापल्या जागी निवांत पडून राहतात, आणि कारागिराचा हात जेथे होता तेथेच असतो.